पानओवा

पानओवा : (पाथरचूर, ओव्याचे पान, हिं. पत्ता अजवायन, पत्थरचूर, गु. अजमाना पान, क. दोड्डपत्रे, सांबारबळ्ळी, त. कर्पूरवल्ली, ओमवल्ली, मल. पनिकूर्क्क, सं. पर्णयवानी, लॅ. कोलियस ॲम्बॉयनिकस, कुल-लॅबिएटी, सध्याचे नाव लॅमिएसी). ओव्यासारख्या उग्र, सुखद वासाच्या जाड पानांमुळे परिचित असलेली ही बहुवर्षायू ओषधी भारतात घरोघरी कुंड्यांतून व परसबागांतून लावलेली आढळते. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, सदनिकांचे सज्जे व खिडक्यांच्या जाळ्या यांत तुळस, गवती चहा व कोरफड यांच्या शेजारी पानओव्याची कुंडी हमखास दिसते. बोलण्यात तिला नुसते ‘ओवा’ म्हणतात. परंतु मसाल्याच्या डब्यातील ओव्याशी या वनस्पतीचे कोणतेही जवळचे नाते नाही. १९९० नंतरच्या दशकात पिझ्झा व त्यावर भुरभुरावयाचा ‘ओरेगानो’ मुंबईकरांच्या ओळखीचा झाला, तेव्हा वासाच्या साम्यामुळे हीच वनस्पती रोपवाटिकांतून ओरेगानो या नावानेही विकली जाऊ लागली. वस्तुतः ती ओरेगानोही नव्हे. एका वासामुळे अनेक वनस्पतींना एकच नाव आणि एका वनस्पतीला अनेक नावे, असा हा प्रकार आहे. स्वयंपाकात त्याने फारसे बिघडत नाही. मात्र लागवडीत त्यामुळे रोप हातचे जाते आणि औषधात अपाय होऊ शकतो. म्हणून या वनस्पतीच्या माहितीत तिच्या ओळखीला विशेष महत्त्व आहे.

शारीरिक लक्षणे : पानओव्याची उंची सु. ३०–९० सेंमी. असते. खोड रसाळ व ठिसूळ असून कोवळेपणी त्यावर मऊ लव असते. जुने झाल्यावर ते तळाशी काष्ठमय बनते व जमिनीवर लोळते. जमिनीला टेकलेल्या पेऱ्यांपासून मुळे फुटतात. पाने साधी, समोरासमोर, रुंद अंडाकृती, सु. ४–१० सेंमी. लांब, मांसल व ठिसूळ असून त्यांच्या कडा गोलसर दातेरी असतात. दोन्ही पृष्ठांवर बारीक केस असतात. त्यांपैकी काही केसांच्या टोकाशी तेलाचे सूक्ष्म प्रपिंड असतात. पान हलकेच चुरडले की ते फुटतात व वास सुटतो. फुले लहान, फिकट जांभळी, द्व्योष्ठकी असून लांब दांड्यावर अंतराअंतराने झुबक्यांनी येतात. लागवडीतील झाडांना फुले क्वचितच येतात, त्यामुळे बीजापासून अभिवृद्धी करण्याचा प्रघात नाही. इतर लक्षणे लॅबिएटी कुलात (तुळशी कुलात) वर्णिल्याप्रमाणे असतात.

नावे व वर्गीकरण : या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन झुआँव द लोरेइरो या पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी कोचीन-चीन (सध्याच्या व्हिएटनामचा दक्षिण भाग) येथील वनस्पतींवरील आपल्या १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. जातिवाचक नाव इंडोनेशियातील अंबॉइना बेटावरून आले आहे. पुढे तिचा समावेश प्लेक्ट्रँथस या वंशात झाला व दीर्घकाळ ती प्लेक्ट्रँथस ॲम्बॉयनिकस या नावाने ओळखली गेली. जुन्या भारतीय ग्रंथांतील कोलियस ॲरोमॅटिकस हे नावही हिचेच आहे. २०१९ मध्ये या गटातील वंशांची आनुवंशिक पुराव्यांच्या आधारे पुनर्रचना झाली आणि कोलियस हा वंश पुन्हा स्वतंत्र मानला जाऊ लागला. आफ्रिकेचा पूर्व व दक्षिण भाग आणि अरबस्तान येथे ही वनस्पती मूळची आहे. हिंदी महासागरातील दळणवळणाबरोबर ती आग्नेय आशियात व नंतर वेस्ट इंडीज बेटांवर पोहोचली.

तिच्या परदेशी नावांचा इतिहास मनोरंजक आहे. विल्यम रॉक्सबर्ग (१७५१–१८१५) यांनी आपल्या भारतीय वनस्पतींवरील ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे, येथील यूरोपीय लोक ही पाने पाव व लोणी यांबरोबर खात आणि थंड पेयांत घालीत. मायदेशी अशा पेयांत बोरेज नावाच्या वनस्पतीची पाने घालण्याची चाल होती. तिचा पर्याय म्हणून पानओव्याला ‘कंट्री बोरेज’, म्हणजे देशी बोरेज, हे नाव मिळाले. अमेरिका खंडात याच वनस्पतीला क्यूबन ओरेगानो, स्पॅनिश थाइम व मेक्सिकन मिंट म्हणतात. यांपैकी कोणत्याही देशाची ती मूळ रहिवासी नाही आणि बोरेज, ओरेगानो, थाइम किंवा पुदिना यांपैकी ती काहीच नाही. प्रत्येक प्रदेशातील लोकांनी आपल्या ओळखीच्या वासाचे नाव तिला दिले, एवढाच याचा अर्थ. मराठीतील पानओवा हे नावही त्याच रीतीने पडले आहे. निदान ‘पान’ हा शब्द जोडून मराठीने तिचा उपयुक्त भाग नेमका सांगितला आहे, हे तिचे वैशिष्ट्य.

वासाचे रसायन : तीन निरनिराळ्या वनस्पतींचा वास इतका सारखा का, याचे उत्तर त्यांच्या बाष्पनशील तेलात सापडते. या तेलांत थायमॉल व कार्व्हॅक्रॉल ही दोन संयुगे प्रमुख असतात. दोहोंच्या रेणूत कार्बनाचे १०, हायड्रोजनाचे १४ व ऑक्सिजनाचा १ अणू असतो. फरक असतो तो फक्त रेणूतील एका गटाच्या जागेचा. मसाल्याचा ओवा (ट्रॅकिस्पर्मम ॲमी) हा कोथिंबीर, जिरे व बडीशेप यांच्या कुलातील म्हणजे अंबेलिफेरी कुलातील आहे. ज्याला आपण त्याचे बी म्हणतो, ते खरे पाहता त्याचे फळ असते आणि त्याच्या तेलात थायमॉलाचे आधिक्य असते. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा थायमॉल काढण्यासाठी मोठ्या प्रमाणावर जर्मनीस जात असे. ओरेगानोच्या ग्रीक प्रकारात कार्व्हॅक्रॉल अधिक असते. पानओव्यात ही दोन्ही संयुगे आढळतात. त्यांचे परस्पर प्रमाण मात्र वाण, हवामान व तोडणीची वेळ यांनुसार बदलते. मेक्सिकोत ओरेगानो म्हणून वापरली जाणारी आणखी एक वनस्पती (लिपिया ग्रॅव्हिओलेन्स) तर आपल्याकडे रस्त्याकडेला माजणाऱ्या घाणेरीच्या कुलातील आहे. तिचाही वास याच संयुगांमुळे येतो. किडी व बुरशी यांपासून संरक्षण करणारी ही द्रव्ये निरनिराळ्या कुलांतील वनस्पतींत स्वतंत्रपणे निर्माण झालेली आहेत. म्हणून वासाचे साम्य हे नात्याचे गमक मानता येत नाही.

ओरेगानो व त्याचे सोनेरी प्रकार : खरा ओरेगानो (ओरिगॅनम व्हल्गेर) हा तुळशी कुलातीलच, पण वेगळ्या वंशातील आहे. भूमध्य सामुद्रिक प्रदेशातील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर तो वाढतो. भारतात काश्मीर ते सिक्कीमपर्यंतच्या हिमालयात सु. १,५००–३,६०० मी. उंचीवर तो जंगली अवस्थेत आढळतो. गजरे व वेण्या यांत फुलांसोबत गुंफला जाणारा सुवासिक मरवा (ओरिगॅनम मेजोराना) हा त्याचा सख्खा भाऊबंद होय. त्यामुळे ओरेगानोचे घराणे महाराष्ट्राला अगदीच अपरिचित आहे असे नाही. फक्त आपण त्याला स्वयंपाकघराऐवजी केसांत स्थान दिले.

ओरेगानोचे काही शोभिवंत प्रकार आहेत. ‘ऑरियम’ या प्रकाराची पाने सर्वस्वी पिवळसर सोनेरी असतात, तर दुसऱ्या काहींत हिरव्या पानांवर सोनेरी टोके किंवा ठिपके असतात. अशा द्विरंगी पानांना शबल पर्णे म्हणतात. रोपवाटिकांत ‘व्हेरिगेटेड’ हा शब्द रूढ आहे. पानओव्याचाही एक शबल प्रकार मुंबईत सर्रास मिळतो. त्याच्या हिरव्या पानाला पांढरी किंवा पिवळसर किनार असते. सोनेरी शबल ओरेगानो म्हणून येथे विकत घेतलेले रोप पुष्कळदा हेच असते. दोहोंतील फरक हाताने कळतो. ओरेगानोचे पान लहान (सु. १–४ सेंमी.), पातळ व जवळजवळ अखंड कडांचे असते आणि खोड काटक्यासारखे, चौकोनी असते. पानओव्याचे पान जाड, रसाळ, दातेरी व लवदार असते आणि वाकविल्यास कटकन मोडते.

पानाच्या ज्या भागात हरितद्रव्य कमी असते किंवा नसते तो भाग पिवळा वा पांढरा दिसतो. अशा पानात प्रकाशसंश्लेषण कमी होत असल्याने शबल झाड हिरव्या झाडापेक्षा सावकाश वाढते व त्याचा फिकट भाग दुपारच्या कडक उन्हात करपतो. याउलट, फार सावलीत सोनेरी ओरेगानोचा रंग उतरून तो हिरवट होतो. सकाळचे ऊन व दुपारची सावली हा दोन्ही दोषांवरील उपाय आहे. किनारदार शबल पानांत बहुधा दोन निरनिराळ्या प्रकारच्या कोशिकांचे थर एकत्र नांदत असतात. त्यांपैकी एका थरातील कोशिकांत हरितद्रव्य तयार होत नाही. अशा झाडाची रंगसंगती बीजातून उतरत नाही. शेंड्याकडील छाट लावूनच ती टिकविता येते. झाडावर पूर्ण हिरवी फांदी फुटली, तर ती अधिक जोमाने वाढून काही महिन्यांत सर्व झाड व्यापते. म्हणून ती दिसताच मुळाशी खुडावी. पूर्ण पांढरी फांदी मात्र स्वतःचे पोषण करू शकत नाही. ती हिरव्या भागाच्या आश्रयाने जगते व वेगळी लावल्यास मरते.

लागवड : पानओव्याची लागवड सोपी असली, तरी मुंबईच्या हवामानात तिला एकच मोठा शत्रू आहे व तो म्हणजे मुळाशी साचणारे पाणी. सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने सु. २,३०० मिमी. पाऊस पडतो. रसाळ खोडाची ही वनस्पती कोरडेपणा आठवडाभर सहज सोसते, परंतु दोन-तीन दिवस चिखलात राहिल्यास तिची मुळे कुजतात. घरगुती बागेतील पानओवा बहुतेक वेळा उपासमारीने किंवा किडीने न मरता अतिप्रेमाच्या पाण्याने मरतो.

लागवडीसाठी ८–१० सेंमी. लांबीचे, तीन-चार पेरी असलेले शेंड्याचे छाट घेतात. खालची पाने काढून, चीर सुकण्यासाठी ते काही तास सावलीत ठेवतात व नंतर ओलसर रेताड मातीत खोचतात. एक ते दोन आठवड्यांत मुळे फुटतात. शेजाऱ्याकडून आणलेली एक फांदी पुरेशी होत असल्याने ही वनस्पती विकत घेण्याचा प्रसंग सहसा येत नाही. इमारतीतील सर्व मजल्यांवरील पानओवा बहुधा एकाच झाडाची संतती असतो. २०–२५ सेंमी. व्यासाची, तळाशी छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. तांबडी माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा समप्रमाणात मिसळावा. मातीचा वरचा २–३ सेंमी. थर कोरडा झाल्यावरच पाणी द्यावे. हिवाळ्यात ते आठवड्यातून दोनदा पुरते. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यावी. कुंडीखाली बशी ठेवल्यास तीत पाणी साचू देऊ नये. मुळांच्या आरोग्याबरोबरच डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची पैदास रोखण्यासाठीही ते आवश्यक आहे.

सज्जा पूर्वेकडील असल्यास सर्वांत उत्तम. पश्चिमेकडील सज्जात एप्रिल-मे महिन्यांत पाने लहान, पिवळट व जाड होतात. तेथे दुपारी आडोसा करावा. उत्तरेकडील अंधाऱ्या खिडकीत खोड लांबट, लुळे बनते व पानांचा वास मंदावतो. शेंडे वरचेवर खुडल्याने झाड झुबकेदार राहते. दोन वर्षांनंतर तळाचे खोड काष्ठमय व बोडके होते, तेव्हा नवीन छाट लावून झाडाचा जीर्णोद्धार करावा. यासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ चांगला. पिठ्या ढेकूण पडल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावेत किंवा साबणाचे सौम्य पाणी फवारून नंतर पाने धुवावीत. झाड खाण्याचे असल्याने रासायनिक कीटकनाशके वापरू नयेत.

खरा ओरेगानो याच हवामानात लावावयाचा असल्यास तो हिवाळी पीक समजावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तो बरा वाढतो. पावसाळ्यातील दमट हवा व सततची ओल त्याला सोसत नाही, आणि सोनेरी प्रकार त्याहूनही नाजूक असतात. हिरवे जोमदार रोप स्वयंपाकासाठी व सोनेरी रोप शोभेसाठी असा भेद करणे व्यवहार्य ठरते, कारण सोनेरी पानांची चव सौम्य असते. दुसरीकडे, डब्यातील ओवा पेरून पानओवा मिळेल अशी अपेक्षा कोणी करीत असेल, तर तीही निष्फळ ठरते. त्यातून उगवते ते बारीक चिरलेल्या पानांचे व पांढऱ्या छत्रीसारख्या फुलोऱ्याचे एकवर्षायू झाड.

स्वयंपाकातील उपयोग : महाराष्ट्रात पानओव्याचा सर्वांत आवडता उपयोग म्हणजे भजी. बारा-पंधरा मध्यम पाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत. एक वाटी बेसनात दोन चमचे तांदळाचे पीठ, तिखट, हळद, हिंग व मीठ घालून सरसरीत भिजवावे. त्यात वेगळा ओवा घालण्याची गरज नसते. पाने अखंड बुडवून मध्यम आचेवर तळावीत. पानांत पाण्याचा अंश फार असल्याने ओली पाने तेलात उडतात, आणि आच मोठी असल्यास पीठ लाल होऊनही पान कच्चे राहते. नीट तळलेल्या भज्यात बाहेरचे कवच कुरकुरीत असते व आत पान मऊ होऊन त्याचा उग्रपणा पिठात उतरलेला असतो.

या कृतीमागे एक तत्त्व आहे. थायमॉल व कार्व्हॅक्रॉल पाण्यात अत्यल्प विरघळतात, तेलात व स्निग्धांशात सहज विरघळतात, आणि दीर्घकाळ उकळल्यास वाफेबरोबर उडून जातात. म्हणून तळण, फोडणी, साय न काढलेले दही व नारळ यांत या पानांची चव खुलते. पातळ पदार्थात ती शेवटी घालावी लागतात. उपनगरांत एकमेकांच्या शेजारी राहणाऱ्या निरनिराळ्या भाषक कुटुंबांनी हे तत्त्व आपापल्या परीने अनुभवातून ओळखले आहे. कानडी व तुळू घरांतील दोड्डपत्रे तंबुळीत पाने तुपावर जिरे-मिऱ्यांसह परतून, ओल्या नारळाबरोबर वाटून ताकात कालवितात. ही तंबुळी न उकळता भाताबरोबर खातात. तमिळ घरांत पाने रस्समला व चटणीला वापरतात. गुजराती घरांत त्यांची भजी व मुठिये होतात. मराठी घरांत थालीपीठ, धिरडे व दह्यातील कोशिंबीर यांत चिरलेली पाने घालतात.

ओरेगानोऐवजी ही पाने वापरता येतात, परंतु प्रमाण व पद्धत बदलावी लागते. ओरेगानो वाळविल्याने त्याचा वास एकवटतो, म्हणून तो कोरडाच विकला जातो. पानओव्याची रसाळ पाने मात्र मुंबईच्या दमट हवेत वाळण्यापूर्वी काळी पडतात. ती ताजी, बारीक चिरूनच वापरावीत. चार माणसांच्या टोमॅटोच्या रश्श्याला दोन मध्यम पाने पुरतात; अधिक घातल्यास पदार्थाला औषधी, किंचित कडवट चव येते. लसूण, टोमॅटो, बटाटा, डाळीचे पीठ व दही यांच्याशी ही चव जुळते. वेलदोडा-केशरासारख्या नाजूक सुगंधांशी जुळत नाही. पानांच्या लवेत धूळ अडकून राहते. त्यामुळे रस्त्यालगतच्या सज्जातील पाने दोन-तीन पाण्यांतून धुणे आवश्यक असते, आणि गटारांच्या कडेला किंवा लोहमार्गाजवळ उगवलेली झाडे खाण्यासाठी वापरू नयेत.

औषधी उपयोग व सावधगिरी : सर्दी, खोकला व पोटदुखी यांवर पानांचा रस मधाबरोबर किंवा पाने मिठाबरोबर चावून खाण्याची चाल भारतात सर्वत्र आहे. व्हिएटनाममध्ये व फिलिपीन्समध्येही खोकल्यासाठी हीच पाने वापरतात. थायमॉल व कार्व्हॅक्रॉल यांचे जंतुनाशक गुण प्रयोगशाळांत सिद्ध झालेले आहेत. परंतु परीक्षानळीतील परिणाम व माणसाच्या शरीरातील परिणाम यांत अंतर असते. या वनस्पतीवरील उल्लेखनीय वैद्यकीय प्रयोग खोकल्यावरील नसून मधुमेही रुग्णांच्या पायांवरील जखमांसंबंधीचा आहे. पानओवा व मंडूकपर्णी (कारिवणा) यांच्या अर्कांपासून तैवानमध्ये तयार केलेल्या मलमाची २३६ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मलम लावलेल्यांपैकी ६०·७ टक्के व नेहमीची शोषक पट्टी बांधलेल्यांपैकी ३५·१ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्णपणे भरून आल्या. हे मलम शुद्ध केलेल्या, मोजून घेतलेल्या अर्काचे होते. कुंडीतील पान वाटून जखमेवर बांधल्याने तोच गुण येईल असा याचा अर्थ होत नाही. मधुमेही व्यक्तीच्या जखमेला तसे करणे धोक्याचेच आहे.

नावांच्या गोंधळाचा खरा धोका येथे आहे. पत्थरचूर किंवा पाथरचूर या नावामागे ही वनस्पती मूतखडा फोडते अशी समजूत आहे, आणि त्यामुळे काही प्रदेशांत तिला पाषाणभेद मानले जाते. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशाने पाषाणभेद म्हणून मान्य केलेली वनस्पती हिमालयातील बर्जेनिया ही असून तिची मुळासारखी खोडे वापरतात. पाथरचूर हेच नाव पानफुटीलाही (कॅलंको पिनाटा) दिले जाते. पानफुटी ही सज्जातच वाढणारी, जाड पानांची, पण सर्वस्वी वेगळ्या कुलातील वनस्पती आहे. तिच्या पानांना वास व लव नसते. पानाच्या कडेवरील खाचांतून नवीन रोपे फुटतात. तिच्यात हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी द्रव्ये असतात व ती खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. ‘पाथरचुराची चार पाने रोज खा’ हा तोंडी सल्ला म्हणूनच कोणत्या झाडाविषयी आहे, हे प्रथम विचारले पाहिजे. मूतखड्याचे निदान झालेल्या व्यक्तीने दोहोंपैकी कशावरही विसंबून उपचार लांबविणे इष्ट नाही.

जवळचे नाते असले म्हणूनही गुण सारखे असतातच असे नाही. कोलियस वंशातीलच माईनमूळ (गु. गरमर) या वनस्पतीची मुळे गुजरात व महाराष्ट्रात लोणच्यासाठी वापरतात. या मुळांवर १९७० नंतरच्या दशकात मुलुंड येथील हेक्स्ट या औषधनिर्मिती संस्थेच्या संशोधन केंद्रात अभ्यास झाला व त्यांतून फोर्स्कोलीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हे द्रव्य मिळविण्यात आले होते. कोशिकांतील ॲडेनिलेट सायक्लेज या एंझाइमाला ते थेट चालना देते, असे १९८१ मध्ये दाखविण्यात आले. तेव्हापासून जगभरच्या जीवरासायनिक प्रयोगशाळांत ते एक नित्याचे साधन बनले आहे. कोलियसच्या तपासलेल्या इतर जातींत मात्र ते आढळले नाही. ज्या उपनगरातील सज्जांत पानओवा वाढतो, त्याच उपनगरात त्याच्या आप्ताचे हे महत्त्वाचे संशोधन झाले. तरीही एकीचे गुण दुसरीला चिकटविता येत नाहीत, हाच त्याचा बोध आहे.

भाजी किंवा भजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या प्रमाणात पानओवा निरोगी प्रौढांना निरुपद्रवी आहे. तथापि एक वर्षाखालील बालकांना मधातून रस देऊ नये, कारण मधामुळे त्या वयात बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा संभव असतो. गर्भवती स्त्रियांनी औषधी प्रमाणात व वैद्याच्या सल्ल्यावाचून तो घेऊ नये. शुद्ध तेल जिभेवर किंवा त्वचेवर वापरल्यास दाह होतो. कुत्री व मांजरे यांनी पाने खाल्ल्यास त्यांना ओकाऱ्या व जुलाब होतात, म्हणून घरात पाळीव प्राणी असल्यास कुंडी उंचावर ठेवावी. नवीन रोप खाण्यासाठी वापरण्यापूर्वी पान चुरडून वास घ्यावा, लव व दातेरी कडा पाहाव्यात आणि तिन्ही लक्षणे जुळल्यावरच ते पानओवा समजावे.